अठ्ठ्याऐंशी नंबरचं झुडूप

सकाळी सहाला आम्ही डोंगर चढतो:
मी, आई आणि तिच्या सात शेळ्या.
सिनाईच्या या कातळांवर मी लाल रंगाने आकडे घातलेत,
एक ते एकशे बारा.
दर आकड्याशेजारी झातरचं एक झुडूप,
गुडघ्यालाही न लागणारं, ओव्याच्या जवळच्या वासाचं,
दोन दगडांच्या फटीत असं दडून बसलेलं
की जणू कुणी उधारी मागायला येणार आहे.

पाऊस आला तर येतो.
नाही आला तर तीन तीन वर्षं
त्याचं नाव काढायचं नसतं.

दगड तापले की ती येते.
निळा तो नर, त्याला सगळे बघतात.
ती राखी, माझ्या करंगळीच्या नखाएवढी,
पंखांच्या मुळाशी थोडी निळाई,
शाईचं बोट कुणी घाईत पुसावं तशी.
जमिनीला धरून उडते,
वर गेली तर वारा तिला खालच्या वादीत नेऊन टाकेल
आणि तिथे झातर नाही.

अकरावर बसली. उठली.
बारावर बसली.
पायांनी चाखते ती, पुढचे पाय पानावर
ठोक ठोक, दार वाजवल्यासारखे.
पोट वाकवते. वाटतं, आता.
नाही.
चौदाव्याच्या कळ्या कालच उमलून गेल्यात,
उमललेलं फूल तिच्या पोराच्या काय कामाचं,
त्याला हवी मिटलेली कळी, आत शिरून खायला.
एकोणिसाव्यावर कुणाचं तरी अंडं आधीच आहे,
पांढरं, मिठाच्या खड्याहून लहान.
तेविसावं तर मला चांगलं वाटलं होतं.
खाली मुंग्या नव्हत्या, म्हणून?
वहीत मी एवढंच लिहितो : नकार.

आई पलीकडे चहासाठी झातर खुडते.
पान चुरते, हुंगते, पुढे जाते.
"हे मुकं आहे," म्हणते. "याला ऊन लागलंय."
एकोणिसावं तिनेही सोडलं.
"आई, तुझ्यासाठी एक रकाना आखू का?"
"आख. पण पैसे मलाही मिळाले पाहिजेत."

दुपारी काळ्या किटलीत पाणी उकळतं.
साखर तीन मुठी, झातर चिमूटभर.
मी विचारतो ते कितीदा तरी विचारलेलं :
एवढ्या वाद्या होत्या, विहिरी होत्या, बदामाची बाग होती,
मग माझ्या जन्मासाठी
तू हा ओका कातळ का निवडलास?

नुवैझा, माझी आई, आधी चहा फुंकते.
"निवडला?
शेळी हरवली होती, तिच्यामागे मी वर आले.
मग पाय चालेनात.
या दगडाची सावली दोन हात होती, ती पुरली.
शेळी सापडली नाही."

मी पेला खाली ठेवतो.
नावं ठेवताना आमच्याकडे डोंगराचं, पावसाचं नाव ठेवतात,
माझं ठेवलं स्वैलिम, म्हणजे सुखरूप.
एवढ्यासाठी, हे मला आज कळलं.

चारच्या सुमाराला अठ्ठ्याऐंशीपाशी
एक म्हातारी मादी. उजव्या पंखाची कड फाटलेली,
निळाई झडून गेलेली.
झुडूप शेळ्यांनी अर्धं ओरबाडलंय, उरल्यात पाच कळ्या,
पाचही उन्हाने तांबूस.
सकाळच्या हिशोबात हे पहिल्या फेरीतच बाद होतं.

तिने पाय वाजवले नाहीत.
वाकली. क्षणभर, श्वास अडकावा तेवढाच.
मग उडाली, म्हणजे पडली म्हणा,
दगडाच्या उन्हात पंख उघडे ठेवून तिथेच राहिली.

वहीत शेवटचा रकाना आहे : कारण.
दिवसभर मी त्यात कळ्यांची संख्या लिहीत आलो,
सावलीची लांबी, मुंग्या आहेत की नाहीत.
आता पेन टेकवलं आणि तसंच ठेवलं.

मागून घंटेचा आवाज आला,
काळी शेळी, हिला झातर फार आवडतं,
मान पुढे करून सरळ अठ्ठ्याऐंशीकडे.
आई ओरडली नाही.
तिने फक्त दोरी हातात गुंडाळली
आणि ओढली.