तेलाचा दिवा

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर
मी टिकली चिकटवली होती, हे आधीच कबूल करते.
मरून, मध्यम आकाराची, तुळशीबागेतली.
सिग्नलला गाडी थांबली की तो लुकलुकायचा,
आणि स्वारगेटला तर मिनिटभर
बोट वर करून बसलेल्या मुलासारखा.
मी त्याला विचारलं नाही.

ठकठक नंतर सुरू झाली.
कात्रजचा चढ, तिसरा गिअर,
आत कुणी खलबत्त्यात वेलदोडे कुटतंय.
मी रेडिओ मोठा केला.

घाटपांडे म्हणाले, जाड तेल ओता.
त्यांचा जावई म्हणाला, पेट्रोलच भेसळीचं.
वॉचमनने बॉनेटवर हात ठेवून, ताप बघावा तसा,
सांगितलं, बाई, विकून टाका.
एक्याण्णव सालची फियाट, कोण घेणार?
भंगारवाला अठरा हजार देत होता, तेही टायर धरून.

नाना पेठेत दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजला बोर्ड नाही.
दारात जुना रेडिएटर लटकतो, तोच बोर्ड.
त्यांनी आधी टिकली काढली.
बोलले काही नाहीत,
स्टिअरिंगच्या मधोमध लावून ठेवली.
मग स्विच खोलून तिथे घड्याळ जोडलं.
दिवा खोटं बोलू शकतो, म्हणाले, काटा बघू.

थंड इंजिन: तीन किलो.
चहा आला, संपला, इंजिन तापलं.
अर्धा किलो.
काटा थरथरत अर्ध्याच्याही खाली.

लांब स्क्रूड्रायव्हर, टोक ब्लॉकवर, मूठ कानामागच्या हाडाला.
वर टिकटिक आहे ती टॅपेटची, ती वयाची, तिला सोडा.
खाली ऐका.
मी ऐकलं.
खाली कुणीतरी दार वाजवत होतं,
घाई नसलेलं,
पण जाणारही नसलेलं.

प्लगची एकेक वायर काढत गेले.
पहिली: ठक. दुसरी: ठक.
तिसरी काढली, इंजिन लंगडलं
आणि आवाज बसला.
हा दुखरा दात, ते म्हणाले.

छत्तीस वर्षं मी नववीला दाब शिकवला.
बल भागिले क्षेत्रफळ.
तरी विचारलं, पंप बदलायचा का?
बाई, पंप दाब करत नाही, पंप नुसतं तेल ढकलतो.
दाब होतो अडवण्यामुळं.
क्रँक आणि बेअरिंगमध्ये केसाएवढी फट हवी,
तेल तिथून नाखुशीनं गेलं पाहिजे.
फट वाढली की ते सरळ निघून जातं,
कुणाला न धरता.

एवढं साधं कुठल्याच धड्यात नव्हतं,
किंवा असेल, मी परीक्षेपुरतं वाचलं असेल.

चेंबर उतरवला. तेलात चमकी,
रांगोळीच्या दुकानात पुडीत मिळते तशी.
तिसऱ्या रॉडचं बेअरिंग त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं:
कल्हई उडालेलं पातेलं,
खालचं तांबं उघडं.
नख फिरवा क्रँकवर, म्हणाले.
नख अडलं.
अडलं म्हणजे भोसरीला, ग्राइंडिंगला. दहाचा सेट लागेल.
एकवीस हजार.
मी अठरा आणि एकवीसची वजाबाकी केली
आणि होकार देऊन टाकला. वजाबाकी चुकली नव्हती.

बारा दिवसांनी चावी अर्धी फिरवली.
लाल ठिपका पेटला, मी दचकले.
पेटू दे, मिस्त्री म्हणाले,
चावीला तो पेटलाच पाहिजे,
ज्या दिवशी पेटणार नाही त्या दिवशी घाबरा.
इंजिन धरलं. दिवा गेला.
विझला म्हणू नये, शांत झाला म्हणावं,
आमच्याकडे देवापुढच्या दिव्याला तसंच म्हणायचे.

स्वारगेटला लाल सिग्नल.
गाडी तापलेली, पाय ब्रेकवर, रेडिओ बंद.
मी त्या न पेटलेल्या ठिपक्याकडे
बघत बसले,
मागून हॉर्न वाजेपर्यंत.