एकसष्ट माणसं, एक कूलर

मानेवाड्याचं मंगल कार्यालय, मे महिना.
दुपारचं लग्न उरकलेलं
आणि स्टेजमागे थर्माकोलची अक्षरं तशीच:
चि. सौ. कां.
पुढची नावं कुणीतरी उखडून नेलेली.
त्याखाली हर्षदीप नंदनवार,
सक्करदऱ्यात मोटारी रिवाइंड करणारा,
बेंबीच्याही खालून असा आवाज काढत होता
की मागे कढया घासणारी बाई
राखेचे हात तसेच घेऊन
दारात येऊन उभी राहिली.

मी मिक्सरवर. दोन माईक छताला टांगले होते,
माणसांसाठी.
माणसं एकसष्ट.
गल्ला माझ्याकडेच होता म्हणून नक्की माहीत.

कूलर बंद करा, मी म्हटलं होतं, रेकॉर्डिंग आहे.
मालक म्हणाला, शेहेचाळीस आहे ना भाऊ टेंपरेचर,
मरून जातील लोकं.
हर्षदीपनं कूलरच्या पोटाला कान लावला.
आतली मोटार त्यानंच बांधलेली,
तांब्याचा एकेक वेढा हातानं मोजून.
‘पांढरी पाचच्या केसभर वर बोलून राहिली.
चला बे, तारा हिच्यात लावा.’
तिघांनी तारा उतरवल्या,
इतक्या, की बोटाखाली
ओल्या सुतळीसारख्या लोंबल्या.

नंतर महिनाभर मी तो कूलर पुसत बसलो.
पुसला की गिटार अधांतरी.
जणू कुणी जेवत्या माणसाखालचा
पाट काढून घ्यावा.
ठेवला.

पुण्याचा माणूस, अल्बम काढणारा, म्हणाला,
गर्दी पातळ वाटते.
टाळ्यांची फाइल पाठवली त्यानं,
दहा हजार माणसं, कुठल्याशा थंड देशातलं मैदान.
एकदा लावून पाहिली.
हर्षदीप ओरडला, ‘काय बे नागपूऽऽर!’
आणि उत्तर भलत्याच भाषेतून आलं.

त्याला ऐकवायला दुकानात गेलो.
रामदासपेठेतल्या डॉक्टरनं तीन महिने
बोलायचं नाही म्हणून सांगितलेलं.
ऐकता ऐकता तो एका पंख्याची वाटी खोलत होता.
मग बिलबुक ओढलं,
कार्बन काढून बाजूला ठेवला
आणि रकमेच्या रकान्यात लिहिलं: ६१.
त्याखाली, जरा थांबून:
चौथ्या गाण्यातला खोकला काढू नको. बाबा आहेत.

मला ते लक्षात होते.
शेवटच्या रांगेत, कानात कापसाचे बोळे,
मांडीवर जेवणाचा डबा.
उभा जन्म हातमागावर गेला त्यांचा.
सूत छातीत बसलंय.
डबल बेस सुरू झाला तेव्हा
फक्त त्यांचाच पाय बरोबर पडत होता.

दहाला मालकानं मेन स्विच पाडला.
परवानगी दहाचीच होती, भांडण नाही.
अंधार. गिटारी मेल्या.
माझं मशीन तेवढं यूपीएसवर चालू,
आणि छताचे दोन माईक.
कूलरचं पातं मंदावत गेलं,
त्याचा सूर घसरत, घसरत खाली,
आणि हर्षदीप, माईक नाही, काही नाही,
त्याच्यासोबत उतरत गेला,
एकेक पायरी,
जिथे माणसाचा आवाज जात नाही तिथवर.
काहीतरी फाटल्यासारखं ऐकू येतं, अगदी शेवटी.
डॉक्टरला मी ते ऐकवलं नाही.
पातं थांबलं. मग तो थांबला.
मग कढईवाली बाई म्हणाली,
‘अगा माय.’
तिथे अल्बम संपतो.
टाळ्या नाहीत त्या जागी.
मी जोडल्या नाहीत.

आता डिसेंबर. आमचा कूलर गच्चीवर,
ताडपत्रीत बांधलेला.
रात्री अडीचला शेवटचं तपासायला
पहिलं गाणं लावलं, अगदी बारीक.
गाणं सुरू व्हायच्या आधी
नऊ सेकंद नुसती घरघर.
बायकोनं झोपेतच
चादर डोक्यावर ओढली.
म्हणाली,
बंद करा ना तो, गारठले मी.