सुरुंग

खाणीच्या पाटीवर तो तांबड्या रंगात असायचा :
सावधान! सुरुंग. दुपारी एक ते दोन.
'रु' ऱ्हस्व की दीर्घ यावरून
मुकादम आणि पेंटरची एकदा जुंपली होती.
त्यात वाजवण्यासारखं काही असेल
हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

वाशीच्या वाचनालयात, बंद व्हायच्या वेळी,
कोशात मी दुसराच शब्द शोधत होते.
पान चुकलं.
सुरुंग : संस्कृत सुरुंगा. मूळ ग्रीक, सिरिंक्स.
अर्थ : वेळूची नळी. पावा.

म्हणजे तिकडे कुणी मेंढरं सोडून
काठचा बोरू कापून फुंकत बसला,
मग कुणाला वाटलं, भुयारही तसंच की,
लांब नि पोकळ.
भुयार तटाखाली शिरलं, इकडे आलं,
पुढे कधीतरी त्यात दारू ठासली,
आणि शब्द पावण्याच्या डोंगरावर चढला,
तिमाप्पा कुसाळकर, लायसन्सधारक, यांच्या हाती.

घरी अप्पांना सांगितलं.
आधी चुकून डावीकडून, मग उजवीकडे जाऊन.
डावा कान नव्याण्णव साली गेला.
ते सुपारी कातरत राहिले.
"तेवीस वर्षं पावा वाजवला म्हण की.
आणि वाजवणाराच बहिरा."

मग जेवताना, मधेच :
"भोकं सकाळीच मारून ठेवायचो.
बारा-पंधरा, एका ओळीत.
नळीनं फुंकून भुकटी काढायची,
राहिली तर कांडी खाली जात नाही.
साहेब येईस्तोवर तशीच उघडी.
खाडीवरनं वारं चढलं
की त्यांच्या तोंडावरनं जाताना हूं व्हायचं.
कुणाचं जाड, कुणाचं बारीक. जसं भोक तसं.
हणमा म्हणायचा, डोंगर कण्हतोय. लिंबू ठेवायचा.
मला नाही तसं वाटलं."

कसं वाटलं ते विचारलं.
त्यांनी आमटी मागितली.

खाण बंद आहे आता.
टॉवरांच्या मागे डोंगराचा कापलेला गाल,
त्यावर उभ्या अर्ध्या नळ्यांच्या खुणा,
ओळीनं, चिरलेल्या वेळूसारख्या.
दुसरी अर्धी बाजू खडी होऊन
पाम बीच रोडखाली असेल, किंवा आमच्याच स्लॅबमध्ये.
अर्ध्या नळीतून काही वाजत नाही.

तरी संध्याकाळी भाजी घेऊन येताना
अप्पा कोपऱ्यावर थांबतात,
उजवा कान डोंगराकडे करून.
किंवा मागून रिक्षा येत असेल.