सत्त्याऐंशी पॉईंट पाच

गाडी दोन हजार सातची, टेप कंपनी फिटेड.
टेप म्हणायचं आपलं. कॅसेट नाहीच त्यात,
सीडीचं तोंड आहे, तेही मिटलेलं:
मागच्या मालकाची तबकडी आत अडकून बसलीय,
काय आहे तिच्यावर, देव जाणे.
चालतो फक्त रेडिओ.

आणि माझ्या पर्समध्ये हा प्लेअर,
काडेपेटीएवढा, पाठीवर ओरखडे,
इअरफोनच्या एका भोकाशिवाय
जगाशी बोलायची दुसरी सोय नसलेला.

नाना पेठेत दस्तगीरने डॅशबोर्ड बोटांनी वाजवून पाहिला,
कलिंगड वाजवतात तसा.
"मागे पोर्ट असणार. पण काढला की कोड मागेल.
कोड आहे?"
कोड मागच्या मालकाकडे. मागचा मालक कॅनडात.
"मग हात नका लावू, ताई. कंपनीचा माल आहे.
एकदा सोलला की पॅनेल आयुष्यभर खुळखुळतं."
अडीचशे रुपयांत त्याने एक खुंटी दिली,
लायटरच्या भोकात खोचायची.
एक वायर प्लेअरला. बाकीचं हवेतून.

हवेतून!
दीड फुटावरच्या टेपला घरचाच आवाज ऐकवायचा
तर आधी आकाशात सोडायचा.

गाणी नाहीत प्लेअरमध्ये.
अप्पा पेट्या दुरुस्त करायचे. हात थरथरू लागला
तेव्हा सिद्रामसाठी त्यांनी हे भरून ठेवलं,
एकेक सूर, एकेक पट्टी.
"काळी एक," म्हणतात. मग सूर. मग कानशीची खरखर.
"टोकाशी घासलं की चढतो, मुळाशी घासलं की उतरतो.
कळलं?"
आणि थांबतात,
सिद्रामला उत्तर द्यायला जागा ठेवून.
मागे कुकरची शिट्टी होते.
सिद्राम पुढे मोबाईल दुरुस्तीत गेला. बरं चाललंय त्याचं.

स्वारगेटला अप्पा म्हणाले, "कळलं?"
आणि त्यांनी सोडलेल्या जागेत
एक बिल्डर घुसला: ताबा दिवाळीत!
मी आकडा बदलला, खुंटीवर, मग टेपवर,
मागून हॉर्न, पुन्हा आकडा,
सगळ्या शहरात रिकामी अशी एकच फट,
सत्त्याऐंशी पॉईंट पाच, तीही सिग्नलगणिक बुजणारी.

पद्मावतीला शेजारी रिक्षा थांबली.
तिच्या रेडिओतून अचानक अप्पा:
"हळू. पितळ आहे, लाकूड नाही."
रिक्षावाल्याने रेडिओला एक चापट मारली.
हिरवा पडला. अप्पा त्याच्याबरोबर
दहा-बारा फूट पुढे गेले, मग सुटले.

कात्रजचा जुना घाट, पुढे उसाचा ट्रक.
बोगद्यात शिरताना
बिल्डर गेला, निवेदिका गेली, हवामान गेलं,
खरखर वर आली आणि खाली बसली.
मग तो सूर,
असा स्वच्छ, की मी आरशात मागची सीट पाहिली.

"दोन सूर भांडतात तेव्हा मध्ये लाट येते. ती ऐक.
लाट लांबत जाते, लांबत जाते,
थांबली की लागलं. कळलं?"
आणि जागा सोडली.
या वेळी तिथे कुणी आलं नाही.
फक्त इंजिन, तिसऱ्या गिअरमध्ये, घुमत.

उजेड. खेड शिवापूर. ताबा दिवाळीत.

पुढे जिथे वळता आलं तिथे वळले.
नंतर आणखी एकदा वळले.
टोपी घातलेला चहावाला तिसऱ्या खेपेला
गाडीकडे संशयाने बघू लागला.

शनिवारी दस्तगीरने विचारलं, "जमलं का?"
"चालतंय. बोगद्यात."
"मग फ्लॅट बोगद्यात घ्या," तो म्हणाला,
आणि दुसऱ्या गाडीच्या दारात शिरला.

एक मात्र कळलंय.
तिसऱ्या गिअरला, चाळीसच्या आसपास,
ही गाडी काळी दोनच्या किंचित खाली बोलते.
मुळाशी जरा जास्त घासली गेलीय.
कंपनीच्या पुस्तकात हे नाही.