तोंड भिंतीकडे करून

नोटीस आली ती मेलेल्या माणसाच्या नावानं:
आचारसंहिता लागली आहे,
परवान्याचं हत्यार आठ दिवसांत देवगड ठाण्यात जमा करावं.
पुंडलिक लोके जाऊन तेव्हा चार महिने झालेले.
बंदूक तिजोरीत,
आणि तिजोरीचा आकडा त्याच्याबरोबर गेलेला.

मिठबावला पोचलो तर शालनवैनींनी
वहीच्या पानावर यादीच केलेली.
लग्नाची तारीख. थोरल्याचा जन्म. धाकट्याचा.
बुडालेल्या होडीचा नंबर.
लाइटबिलावरचा ग्राहक क्रमांक, तोडून तोडून.
प्रत्येकापुढे फुली.
तळाशी एक ओळ पेन्सिलीची, पुसून परत लिहिलेली:
त्यांची स्वतःची जन्मतारीख.
तिच्यापुढेही फुली, जरा बारीक.

"आकडो लावताना माझ्याकडे पाठ करीत," त्या म्हणाल्या.
"बावीस वर्सां."

मी आधी कंपनीचा आकडा लावून पाहिला.
पन्नास, पंचवीस, पन्नास.
तिजोरी तो घेऊनच कारखान्यातून निघते,
शहाणा माणूस पहिल्या दिवशी बदलतो.
नाही लागला.
मग दाराला कान लावला.
आतल्या चकत्या बोलत नव्हत्या, नुसत्या खरवडत होत्या.
समुद्र दीडशे पावलांवर;
इथं कडीकोयंडाही दोन पावसाळ्यांत
बटरासारखा चुरतो.

तीन वाजता भोक पाडायला घेतलं.
दोन ड्रिलबिटं मोडली. चहावर लोखंडाचा कीस पडला.
चार-दहाला दार सुटलं, आणि आतून
खोबरेलाचा वास आला, न्हाणीघरासारखा.
एकनळी बंदूक, निळ्या लुंगीत गुंडाळलेली.
बिस्किटांच्या डब्यात अकरा काडतुसं.
बारावं वांदरांवर उडवलेलं म्हणे,
तेही आभाळात.

पोलीसपाटील बंदूक घेऊन पडवीत बसले.
मी जुनं कुलूप मांडीवर घेऊन पाठीचं झाकण काढलं,
खाचा मोजल्या,
चष्मा पुसून परत मोजल्या.
पन्नास. पंचवीस. पन्नास.
तबकडीची कांडी गंजून दोन घरं ढिली झालेली,
म्हणून मला लागला नव्हता.
त्याच्या हाताला ती दोन घरं ठाऊक असणार.
बाकी काही नाही.
बावीस वर्षं तो माणूस
कारखान्याच्या आकड्याला पाठीनं आडोसा करत होता.

"आकडो काय होतो ओ, सत्तारभाय?"
त्या दारात उभ्या. हातात ती वही.
पन्नाशीच्या वर मी खोटं बोललो नाही असं नाही,
पण ते गिऱ्हाइकाच्या फायद्याचं क्वचितच.
"चकत्यो गंजल्यो हत, वैनी. वाचूक येणा नाय."
त्यांनी वही मिटली.
बरं वाटलं की वाईट, ते मला त्या चेहऱ्यावर
वाचूक येणा नाय.

बंदूक तर चालली, म्हटलं,
परवाना मुलाच्या नावावर होईस्तोवर वर्ष जाईल,
रिकाम्या तिजोरीला नवं कुलूप कशाला?
उगाच साडेचार हजार.
"बसवा," त्या म्हणाल्या.

बसवलं. त्यातही तेच तीन आकडे, कंपनीचे.
बदलकिल्ली कशी घालायची ते दाखवलं,
आणि म्हटलं, हे मात्र आत्ता बदला, माझ्यासमोर.
म्हणजे समोर नव्हे. मी तोंड फिरवतो.

भिंतीवर पतपेढीचं कॅलेंडर, चार महिने मागे थांबलेलं.
मागे तबकडी फिरू लागली, सावकाश,
पहिल्यांदा सुई ओवावी तशी.
माझा कान चाळीस वर्षांचा नोकर, सांगितलं तरी ऐकत नाही.
पहिला आकडा कळला मला.
मग मी खोकलो.
जोरात खोकलो, पडवीतल्या पाटलांना ओरडून विचारलं
आज बांगडा काय भाव होता,
ते म्हणाले महाग, मी म्हटलं किती महाग,
आणि खोकत राहिलो
मागे हँडल खाली पडेपर्यंत.

दार उघडून त्यांनी आत पाहिलं.
काही नव्हतं. लुंगीसुद्धा पाटलांकडे.
वही घातली,
दार लावलं,
आणि तबकडी दोनदा उगाच फिरवली.

ड्रिलबिटांचे पैसे मी घेतले नाहीत.