चौदा इंच हिरवळ

शुक्रवार. पहाटे पावणेपाच.
मुरुगेसननं डिकीतून काढून
माझ्या हातात दिला गवताचा तुकडा.
प्लास्टिकचा. चौदा इंच लांब, चौदा रुंद,
खाली रबर, कोपऱ्याला सुतळी.
"हरवू नकोस," म्हणाला,
"इथं गवत ज्याचं त्यानं आणायचं."

दुखान. अरबीत म्हणे याचा अर्थ धूर.
पहिल्या वर्षी आईला फोनवर गावाचं नाव सांगितलं,
तर म्हणाली, कसल्या रे दुखानं?
सोळा वर्षं झाली.
उत्तर द्यायचं राहिलंय.

कोर्स म्हणजे वाळवंटच,
फक्त दोन्ही बाजूंना चुना फासलेले दगड.
दगडांच्या आत चेंडू पडला तर चटई टाकून मारायचा,
बाहेर पडला तर असेल तसा.
आतल्या नि बाहेरच्या वाळूत मला फरक दिसेना.
दिसत नाहीच, मुरुगेसन म्हणाला,
मानायचा असतो.

पहिल्या फटक्यात हवा कापली.
दुसऱ्यात चटई उडाली
आणि नारिंगी चेंडू जागच्या जागी,
सत्यनारायणाच्या सुपारीसारखा.
तिसरा गेला.
असा गेला, की मीच दचकलो:
व्हॉल्व्हची चाकं फिरवणाऱ्या या हातांना
काही सोडून देणं माहीत नव्हतं.

चौथ्या भोकाला पाइपलाइन आडवी.
हिचा दाब मला झोपेतही तोंडपाठ.
चेंडू टणकन आपटून परत पायाशी.
"दंड नाही," मुरुगेसन म्हणाला,
"कंपनीच्या मालमत्तेला लागलं तर माफ."
कंपनीनं मला दिलेली
ही पहिलीच सूट.

सातवं.
याच्याबद्दल कँटीनमध्ये हळू आवाजात बोलतात.
मधे सबखा: वर मिठाचा पापुद्रा, खाली चिखल.
आमच्याकडे याला खाजण म्हणाले असते,
पण आमच्या खाजणात कुर्ल्या असतात, भरती येते,
बांधावरून कुणीतरी कुणाला तरी
शिव्या घालत हाक मारतं.
हे नुसतंच पांढरं.
एकशे साठ यार्ड, आणि मधलं काही चालत नाही.

चार चेंडू दिले त्याला.
चारही वरच बसले, दिसत होते,
वाकलं की हाताला येतील असे.
एक पाऊल टाकलं
तर घोट्याच्या वरपर्यंत आत.
बूट उपसून काढताना मुरुगेसन हसला नाही.
"माझे अकरा आहेत तिथं," म्हणाला,
"धाकटी झाली त्या वर्षापासूनचे."

पाचवा पलीकडे पडला.
कसा, ते विचारू नका.
मी गॅसच्या ज्योतीकडे बघत होतो.

पलीकडे तेल पाजून दाबलेली काळपट वाळू,
नुकत्याच सारवलेल्या खळ्यासारखी.
यालाच इथं ग्रीन म्हणायचं.
चेंडू जाईल तशी मागे रेघ उमटते;
माझ्या तीन रेघा, तिन्ही भोकाला चुकवून,
चौथी कशीबशी पोचलेली.

मग नियमाप्रमाणे झाडणं.
लोखंडी दांड्याला बांधलेलं गोणपाट,
मधोमधून सुरुवात, गोल गोल,
बाहेर येत जायचं, आपली पावलं पुसत.
मागून येणाऱ्याला कोरी मिळाली पाहिजे.
कडेला येऊन वळून पाहिलं:
एक रेघ नाही, एक टाच नाही.
छान जमलं होतं. इतकं,
की थोडं वाईट वाटलं.

आणि बरोब्बर मधोमध,
भोकाच्या शेजारी,
माझी हिरवी चटई.

मागचे चौघे कमरेवर हात ठेवून उभे.
मुरुगेसन आभाळ तपासतोय.
मी गेलो आत पुन्हा,
सगळं खळं तुडवत.
पुन्हा गोणपाट, पुन्हा गोल गोल.

नवव्यालाच थांबलो, ऊन चढलं होतं.
एक्क्याऐंशी फटके. सबखातले धरून.
"पुढच्या शुक्रवारी?"
मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही.

चटई परत करायची विसरलो.
कॅम्पवर आल्यावर खोलीच्या दारात टाकली;
पायपुसणं म्हणून बरी आहे.
घोट्यांवर मीठ वाळून पांढरं झालंय.
तिच्यावर उभा आहे मघापासून.
पाय अजून पुसले नाहीत.