बरं आहे

रुवीतल्या तिसऱ्या मजल्यावर
माझी खोली आता काचेपलीकडची.
सरकत्या दाराच्या फटीला शौकतने टेप मारली,
राजनने डेटॉलच्या बाटल्या ओळीत मांडल्या,
देवापुढे समया मांडाव्यात तशा.

दिवस एकतिसावा.
ताईच्या पेशी माझ्या हाडांच्या पोकळीत
बिऱ्हाड मांडतायत म्हणे.
भांडी लावल्याचा आवाज येतो का, म्हणून
रात्री कान देऊन पडतो.
ऐकू येतो तो फक्त एसी.

ताई देवरुखची. तापट.
कारल्याची भाजी मिटक्या मारत खाणारी.
माझा रक्तगटही हळूहळू तिचाच होणार.
लहानपणी मी तिची पाटी फोडली होती.
आता तिनं मलाच
आतून लिहायला घेतलंय.

हॉस्पिटलात एक बाई मन तपासतात.
सुदानच्या. हिंदी मोडकी, नजर अख्खी.
शून्य ते दहा, किती त्रास?
दोन, मी म्हणतो.
त्या दोन लिहितात.
खाली पार्किंगमध्ये शौकत विचारतो, काय झालं?
म्हणतो, पास.

कंपनीचा मेल : फिटनेस सर्टिफिकेट केव्हा?
रेसिडेन्स कार्ड नोव्हेंबरात संपतंय.
प्लेटलेट्स मोजता येतात. कार्डाचे दिवसही.
मधे जे काही आहे
त्याला नळी नाही, त्याला रिपोर्ट नाही.

गावच्या ग्रुपवर पहिल्या आठवड्यात
जोडलेले हात एकशे चाळीस.
दुसऱ्या आठवड्यात सत्तावीस.
मग कुणाच्या तरी गच्चीच्या लाद्यांचे भाव.
राग नाही.
लाद्याही बसवाव्याच लागतात.

रात्री नऊला मंदाचा फोन, तिच्याकडे साडेदहा.
कसं आहे?
बरं आहे. तुझं?
बरं आहे.
एवढं बोलायला आम्ही
अख्खा अरबी समुद्र वापरतो.

किती कामाचा शब्द.
भाजी बरी, जावई बरा, भाव बरा,
आणि माणूस दुखण्यातून उठला की तोही बरा.
मीठ आणि साखर
एकाच डब्यात.

गुरुवारी रमी.
शौकत माझीही तेरा पानं वाटतो,
राजन मान वळवून ती काचेला लावून धरतो,
मी फोनवरून ओरडतो : डावीकडून चौथं टाक!
माझी डावी ती त्याची उजवी.
पहिले तीन डाव त्यातच बुडाले.

बासष्टाव्या दिवशी धुळीचं वादळ.
समोरचे डोंगर कुणी पुसून टाकलेले.
मी हरत होतो आणि चिडलो,
खराखुरा चिडलो :
हात हलवू नकोस, गाढवा!
राजन थबकला. मग इतका हसला
की पानं सांडली.
म्हणाला, साळवी, आल्यापासून पहिल्यांदा
शिवी दिलीस तू.

त्या रात्री नऊला
कसं आहे?

बरं नाहीये, मंदा.
टेप सुटली की काय, म्हणून चारदा उठतो.
अन्न पुठ्ठ्यासारखं लागतं.
शेजारच्या खाटेवरचा तो पोरगा, हमद,
त्याला कुणीच जुळलं नव्हतं,
मला ताई होती.
कुणापुढे लाजायचं याची, कळत नाही.
रडू येत नाही, त्याचीच भीती वाटते.

पलीकडे बराच वेळ फक्त पंखा.
खालून जाणारी कुणाची तरी स्कूटर.
मग, हं, ती म्हणाली, मलाही बरं नाहीये.
थांब, पाठीला उशी घेते.
सांग आता.

पुढच्या खेपेला त्या बाईंनी विचारलं, किती?
सात.
त्यांनी पेन ठेवलं. खुर्ची जवळ ओढली.

पेशी वाढतायत, डॉक्टर म्हणाले,
औषधं लागू पडतायत.
पडत असतील. मी वाद घालत नाही.
काल मात्र राजनकडे कारलं मागितलं.
तासभर उकडून देईन, तो म्हणाला, वर तोंड वाकडं.

ताईला कळवलं.
तिचं एका ओळीचं उत्तर :
पाटीचे पैसे अजून बाकी आहेत.